बिबट्याला तीनची वेळ कळवली आहे का?

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि (विशेषतः) खजिनदार,
वार्षिक एकदिवसीय सहल समिती,
आपली सोसायटी, खोपट, ठाणे (पश्चिम)

विषय : ‘चला निसर्गाच्या कुशीत’ या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल अभिनंदन

स.न.वि.वि.

लिफ्टशेजारच्या फलकावर आपण लावलेली कार्यक्रमपत्रिका वाचली. लिफ्ट बंद असल्यामुळे सावकाश वाचता आली. साडेनऊला प्रस्थान, बसमध्ये इडली-चटणी. अकराला आगमन आणि वेलकम ड्रिंक. साडेअकरा ते एक हाऊजी. एक ते अडीच चुलीवरचं गावरान जेवण, जैन मंडळींची सोय वेगळी. अडीच ते तीन वामकुक्षी. तीन ते पावणेचार ‘जंगलभ्रमंती व प्राणीदर्शन’. चारला कांदाभजी. साडेचारपासून डीजे आणि रेन डान्स. शेवटी ग्रुप फोटो.

म्हणजे हाऊजीला दीड तास आणि जंगलाला पाऊण. हा हिशेब ज्या सभासदाने मांडला, त्याचा येत्या सर्वसाधारण सभेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हावा, अशी सूचना मी या पत्राने मांडतो. अनुमोदन कुणीही द्यावं.

ठिकाण कसं ठरलं, तेही बैठकीच्या इतिवृत्तात वाचलं. येऊर पहिल्याच फेरीत बाद झालं. कारण लिहिलंय, ‘फारच जवळ.’ खरं आहे. खोपटहून निघायचं, कॅडबरी जंक्शनला वळायचं, पोखरण रोड नंबर एक धरायचा, वर्तकनगर आणि उपवन मागे टाकलं की चढ लागतो आणि समोर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे 103 चौरस किलोमीटरचं जंगल, एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला आपण. सकाळी रस्ता मोकळा असेल तर अर्धा तास. एवढ्या कमी डिझेलमध्ये मिळणारं जंगल दर्जेदार असूच शकत नाही, ही समितीची शंका मला पटते. म्हणून समितीने घोडबंदर रोडवरचं फार्महाऊस निवडलं. ते त्याच जंगलाच्या कडेला आहे, फक्त तिथे पोहोचायला दीड तास ट्रॅफिकमध्ये बसावं लागतं. बाहेरगावी गेल्यासारखं वाटायला तेवढं हवंच.

ऐरोलीच्या खाडीची सूचनाही आली होती म्हणे. ठाणे खाडीचा हा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला. ऐरोलीहून वनखात्याची बोट निघते. समितीने जुलै महिन्यात, दुपारी एकची बोट मागितली. फ्लेमिंगो येतात थंडीच्या तोंडावर आणि उन्हाळा सरता सरता निघून जातात, त्यामुळे जुलैत त्यांची गाठ पडायची तर गुजरातकडे बस न्यावी लागेल. ते हजर असतात तेव्हाही बोटीची वेळ ठरते भरती-ओहोटीवर. बोट तरंगायला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चरायला उघडा चिखल लागतो, त्या दोन्हींच्या मधला वेळ साधावा लागतो. त्यात भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. ‘असं अनिश्चित वेळापत्रक चालणार नाही’ असा शेरा मारून समितीने खाडी नामंजूर केली. चंद्राला तसं लेखी कळवलं असेलच.

कर्नाळा बाद झालं, कारण पक्षी दिसण्याची हमी मिळेना. पनवेलच्या पुढे, गोवा महामार्गाला खेटून, 1968 पासूनचं अभयारण्य. पावसाळ्यात तिथे तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा पक्षी, पण अंगावर निळा, जांभळा, नारिंगी, पिवळा असे रंग, की नवरात्रातल्या नऊ साड्या एकाच दिवशी नेसल्यासारख्या. ओढ्याकाठच्या मातीत बोगदा खणून तो घरटं करतो. तो दिसतो, पण ओढ्याशी गप्प बसून राहणाऱ्याला दिसतो. आपल्या यादीत असे सभासद किती, हे मी विचारत नाही.

तानसा तर चर्चेलाही आलं नाही, कारण कुणीतरी सांगितलं की तिथे मोबाईलला रेंज मिळत नाही. 320 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, मुंबईला 1892 पासून पाणी पाजणारा तलाव, आणि रेंज नाही. शिवाय तिथे रानपिंगळा आहे. या घुबडाची कथा समितीला सांगतो, कारण ‘प्राणीदर्शन 3 ते 3.45’ लिहिणाऱ्या हाताला ती आवडेल. 1884 नंतर हा पक्षी कुणा अभ्यासकाला दिसला नाही. संपला, असंच धरून चालले होते. मग 1997 साली नंदुरबारकडे, शहाद्याजवळ तो सापडला. मध्ये 113 वर्षं गेली. पुढे 2014 मध्ये तो तानशाच्या जंगलातही दिसला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. गंमत म्हणजे हे घुबड दिवसाउजेडी वावरतं. लपून बसलं नव्हतं बिचारं, आपण तिकडे फिरकत नव्हतो.

आता तीन वाजताच्या बिबट्याबद्दल.

2018 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात राष्ट्रीय उद्यान आणि लगतच्या भागात 47 बिबटे नोंदले गेले. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, त्यावरून कोण कुठला ते ओळखतात. एवढी दाट वस्ती म्हटल्यावर पाऊण तासात एखादा तरी भेटेल, असं खजिनदारांनी गणित मांडलं असावं. अडचण अशी की हा प्राणी दुपारी तीनला झोपलेला असतो. समितीने स्वतःला अडीच ते तीन वामकुक्षी ठेवली आहे, त्याला मात्र नाही. शिवाय त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. आपली बस घोडबंदर रोडवर असतानाच बसमधल्या अंताक्षरीचं ‘म’ अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असेल. तरीही त्याला आमंत्रण द्यायचंच असेल तर वेळ रात्रीची ठेवावी. रात्री तो येऊरच्या पाड्यांच्या आसपास, अगदी आपल्या बंगल्यांच्या कुंपणापर्यंत येऊन जातो, आणि त्याच्या या भेटीची कुणालाही पावती नको असते.

डीजेबद्दल माझं मत समितीच्या विरुद्ध नाही, कायदा तेवढा विरुद्ध आहे. केंद्र सरकारने 2016 च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. आपण पैसे भरलेलं फार्महाऊस त्या पट्ट्यात आहे की बाहेर, हे मालकाला विचारावं. तो ‘काही प्रॉब्लेम नाही, सगळं सेट आहे’ म्हणाला, तर पट्ट्याच्या आतच आहे असं समजावं.

रेन डान्सपुढे मात्र मी नतमस्तक आहे. ठाण्यात, जुलैत, बाहेर मुसळधार कोसळत असताना, पत्र्याच्या शेडखाली टँकरचं पाणी पाइपने अंगावर उडवून घ्यायचं. आणि तो टँकर भरतो शहापूरकडच्या गावांच्या विहिरीतून की आपल्याच नळातून, हे विचारायचं नाही. धबधब्यावर जाणारे लोक मूर्ख, कारण तिथे पावसाळ्यात अनेकदा बंदीचे आदेश निघतात आणि दर वर्षी कुणीतरी वाहून जातं. शेडखालचा पाऊस सुरक्षित. मालकाला बटण दाबायला सांगितलं की थांबतो.

खर्चाच्या पत्रकात ‘माकडांसाठी केळी व वेफर्स’ अशी बाब दिसली. ती काढावी. एकदा का माकडाला वेफर्सच्या पिशवीचा आवाज ओळखता येऊ लागला, की ते फळं शोधायचं सोडून रस्त्यावर बसतं. मग कुणाच्या हातातली पिशवी ओढतं, ओरबाडतं, आणि आपणच ‘माकडांचा उपद्रव’ म्हणून अर्ज करतो. थर्माकोलच्या ताटल्यांची बाबही काढावी, 2018 पासून राज्यात त्यांच्यावर बंदी आहे. नारिंगी फ्लोरोसंट टी-शर्ट छापून झाले असतील तर राहू द्यात. ते गणपतीत वर्गणी मागताना कामी येतील.

एवढं सगळं वाचून समिती म्हणेल की टीका सोपी असते, पर्याय सांगा. सांगतो. पर्यायाला वर्गणी लागत नाही, म्हणून तो मंजूर होणं कठीण आहे.

आपण खोपटचे लोक. आपल्या दारात एसटीचा स्टँड आहे. पहाटेची पहिली गाडी धरायला अंधारात उठून, डबा बांधून, पिशवी खांद्याला लावून निघणं आपल्याला कुणी शिकवायला नको. गावच्या जत्रेला जायचं तर आपण चारला उठतो. जंगलात जायचं तर मात्र साडेनऊ. तेव्हा मुक्काम पोस्ट येऊर, वेळ सकाळी सहा. वाटेवर वनखात्याचा नाका आहे, तिथे थांबायचं, आतल्या पायवाटांवर कुठे जाता येईल, परवानगी कशी, ते विचारायचं. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा अशा पाड्यांवर वारली, कोकणा कुटुंबं आहेत. त्यांच्यातला कुणी वाटाड्या मिळाला तर त्याला रीतसर पैसे द्यायचे आणि मग त्याचं ऐकायचं. पैसे देऊन पुन्हा त्यालाच माहिती सांगत सुटणारे सभासद आपल्याकडे आहेत, त्यांना मागे ठेवावं.

जुलैत काय दिसेल? बिबट्या नाही. कळलावी दिसेल, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची. पेवची पांढरी फुलं दिसतील. आणि कारवी. ती पुढच्या वेळी फुलेल 2032 च्या सुमारास, कारण ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते; याआधी 2016 मध्ये फुलली, मग 2024 मध्ये. फुलून झालं की झाडच मरतं. वाळलेली बोंडं पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसाचा ओलावा लागला की तडतडत फुटतात, बी दूर उडतं, आणि जमिनीवर तिच्या रोपांची गर्दी होते. सध्या जी हिरवी, खरखरीत पानांची झुडपं दिसतात ती 2024 च्या बहराची मुलं. पाड्यावरच्या जुन्या घराच्या भिंतीत हात घालून पाहा (घरमालकाला विचारून), शेणामातीच्या लिंपणाखाली हाताला लागतात त्या कारवीच्याच काठ्या. कूड म्हणतात त्याला. आपल्या समितीला बत्तीस सालच्या सहलीची तारीख आताच ठरवून ठेवता येईल, तेव्हा तरी ‘घाईत ठरलं’ ही सबब राहणार नाही.

नशीब असेल तर झाडाच्या खोडाला ॲटलास पतंग चिकटलेला दिसेल. दोन्ही तळहात पसरले तर जेमतेम मावेल एवढा, तांबूस, पंखांच्या टोकाला सापाच्या डोक्यासारखी आकृती. या पतंगाला प्रौढपणी खाता येईल असं तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्यावर तो थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. आपल्या सहलीला यायला पूर्णपणे पात्र असा हा एकच पाहुणा आहे, ज्याच्या नाश्त्याची, जैन-अजैनची आणि वेलकम ड्रिंकची चिंता खजिनदारांना करावी लागणार नाही.

मोठ्या आवाजाची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांनी एकदा बुद्ध पौर्णिमेच्या प्राणीगणनेचा अनुभव घ्यावा. मे महिन्यात, पूर्ण चंद्राच्या रात्री, वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक पाणवठ्याशेजारच्या मचाणावर रात्रभर बसतात आणि पाण्यावर कोण येतं ते लिहून घेतात. बोलायचं नाही, टॉर्च नाही, सेंट नाही. बराचसा वेळ काहीच येत नाही. मग एक रानडुक्कर येतं, पाणी पितं, जातं. हे ऐकून समितीतल्या एका सदस्याने विचारलं होतं, ‘मग मजा काय त्यात?’ मजा नाहीच. म्हणूनच तर तिथे तिकीट लावून शेड उभारलेली नाही.

ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांच्यासाठी सरकार काम करतंच आहे. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा याच जंगलाखालून जाणार आहे, जवळपास बारा किलोमीटरच्या मार्गात दहा किलोमीटरहून जास्त जमिनीखाली. तो झाला की ए.सी. न बंद करता, काच खाली न करता, इडली खात खात अख्खं राष्ट्रीय उद्यान ओलांडता येईल. हाऊजीही चालू ठेवता येईल.

तोवर माझी एकच मागणी आहे. वर्गणी मी भरतो, बी-विंगमधल्या ज्या तीन घरांना ती जड जाते त्यांचीही भरतो. इडली, हाऊजी, भजी, सगळं ठेवा. डीजेची सुपारी तेवढी रद्द करा, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील.

आपला,
बी-विंगमधला एक सभासद

ता. क. : रविवारी गर्दी नको म्हणून कुणी सोमवारची रजा टाकून बोरिवलीच्या बाजूने जायचं ठरवत असेल, तर कळावे की उद्यानाचं ते मुख्य फाटक सोमवारी बंद असतं.