उन्हात बसायला फ्रान्सला

मराठी माणसाने उन्हाळ्यात कुठे जायचं हे फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे. जिथे ऊन नाही तिथे. महाबळेश्वर, माथेरान, हात जरा सैल असेल तर मनाली. कोकणातले असाल तर गावी, पण तिथेही जेवण झालं की माजघरातल्या गार जमिनीवर आडवं व्हायचं आणि चारचा चहा होईपर्यंत दार उघडायचं नाही. "उन्हातान्हाची हुंदडू नकोस, काळी पडशील" हे ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे मुलीने जेव्हा जाहीर केलं, की बाबा आता निवृत्त झाले, तर तुम्ही दोघांनी जुलैत फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर जाऊन राहायचं, तेव्हा मी आपलं साधंच विचारलं, "तिथे करायचं काय असतं?"

"काही नाही. उन्हात पडून राहायचं."

"त्याला व्हिसा लागतो?" आमचे हे म्हणाले.

लागतो. बँकेची स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचे रिटर्न, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट असा गठ्ठा पुढ्यात ठेवून, बोटांचे ठसे देऊन तो मिळवावा लागतो. शिवाय प्रवासाचा विमा हवा, किमान ३०,००० युरोंचा, आणि माणूस तिकडेच गेला तर त्याला मायदेशी आणायचा खर्च त्यात धरलेला हवा. हे कलम यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे परतीचं तिकीट उगाचच काढलं."

हे बँकेतले. नोकरीभर न घेतलेल्या रजेचे पैसे निवृत्तीला एकरकमी हातात आले आणि त्या पैशांतून आम्ही सुट्टीवर निघालो. हा व्यवहार फ्रेंच माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. त्यांच्याकडे १९३६ साली लेआँ ब्लूमच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली, रेल्वेची सवलतीची तिकिटं काढली, आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता असे लोक गाड्या भरभरून किनाऱ्यावर आले. आता ती रजा पाच आठवड्यांची आहे आणि लोक ती खरोखर घेतात. पुण्याचा दुकानदार एक ते चार बंद ठेवतो म्हणून आपण इतकी वर्षं विनोद करतो. ऑगस्टात पॅरिसच्या पाववाल्याच्या दारावर तीन-तीन आठवड्यांची पाटी लागते आणि कोणी हसत नाही.

तर आम्ही नीसला उतरलो. हा सगळा किनारा मुळात उन्हाळ्याचा नव्हताच, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि फार बरं वाटलं. इंग्लंडातले श्रीमंत आणि क्षयरोगी (बरेचदा माणूस एकच) इथे थंडी काढायला यायचे आणि ऊन तापायच्या आत गाशा गुंडाळायचे. समुद्रालगतचा तो प्रसिद्ध रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, त्याची पहिली पायवाट १८२० च्या दशकात या इंग्रजांनीच वर्गणी काढून करून घेतली. व्हिक्टोरिया राणीसुद्धा १८९० च्या दशकात आपल्या हिंदुस्थानी मुन्शीला, अब्दुल करीमला, बरोबर घेऊन नीसच्या सिमिए टेकडीवर मुक्कामाला असायची, पण ती मार्च-एप्रिलात. उन्हाळ्यात हॉटेलांना कुलपं असत. १९२० च्या दशकात काही अमेरिकन मंडळी हट्टाने भर जुलैत राहिली, त्याच सुमारास रापलेली कातडी ही फॅशन झाली, आणि शंभर वर्षांत गोष्ट इथवर आली की मी प्रोमनादवर छत्री उघडली तर लोक आकाशाकडे बघून पाऊस शोधायला लागले. पाऊस जुलैत पडणार नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. 'भूमध्य सागरी हवामानाची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला शाळेत पैकीच्या पैकी गुण होते मला. उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्ह व लिंबूवर्गीय फळे. उत्तर अजूनही बरोबर आहे.

आता समुद्र. हे मूळचे गुहागरचे, त्यामुळे समुद्र या विषयावर यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही. पहिल्या सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून, चपला हातात घेऊन हे प्रोमनादच्या पायऱ्या उतरले आणि खालच्या पायरीवर थबकले.

"वाळू कुठाय?"

नीसच्या किनाऱ्याला वाळू नाही. गोटे आहेत. गुळगुळीत, राखाडी, अंड्याएवढ्यापासून पाट्यावरच्या वरवंट्याएवढे, आणि भर दुपारी चांगले तापलेले. शहाणे लोक पायात रबरी बूट चढवतात. पण समुद्रात पायताण घालून जाणं हा यांच्या दृष्टीने समुद्राचा अपमान. तेव्हा हे अनवाणी निघाले. दोन्ही हात बाजूला पसरलेले, गुडघे वाकलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि प्रत्येक पावलागणिक तोंडातून एक बारीक "स्स". शेजारून चार वर्षांचं एक फ्रेंच पोर बूट घालून तुरुतुरु पळत गेलं. पाण्याशी पोचल्यावर तरी सुटका व्हावी, तर तिथे उतार एकदम तीव्र. लाट आली की पायाखालचे गोटे खडखडत मागे सरकतात आणि गुडघाभर पाण्यातला माणूस क्षणात छातीभर पाण्यात असतो. हे बाहेर आले ते चारी पायांवर. बँकेतल्या कोणी पाहिलं नाही, एवढं एक बरं.

गोट्यांवर आडवं व्हायचं नसेल तर मधेमधे भाड्याच्या गाद्यांचे पट्टे आहेत. खाट, जाड गादी, रंगीत छत्री, उशाशी पाणी. किनारा सरकारी, पण काही भाग असा कंत्राटाने दिलेला. यांनी दिवसाचं भाडं विचारलं, मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, "एवढ्यात दापोलीला खोली मिळते. जेवणासकट."

आम्ही गोट्यांवर पडलो.

यांना दुसरा धक्का संध्याकाळी बसला. कोकणातला माणूस समुद्रावर गेला की पहिली चौकशी भरती-ओहोटीची. यांनी जीवरक्षकाला हातवारे करून विचारलं, पाणी मागे कधी जातं? त्याला वाटलं, यांना बुडायची भीती वाटते. तो धीर द्यायला लागला. शेवटी मुलीने फोनवर उलगडा केला. भूमध्य समुद्र अटलांटिकला जोडलाय तो जिब्राल्टरपाशी, आणि तिथे रुंदी जेमतेम १४ किलोमीटर. त्या दारातून महासागराची भरती आत यायची कशी? आपल्या मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं, इथे बहुतेक ठिकाणी फूटभर चढलं तरी पुष्कळ. "म्हणजे हे तळं आहे," हे म्हणाले. तळं खारट मात्र आहे, आपल्या समुद्रापेक्षाही. महासागराच्या किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, तर इथे ३८ च्या आसपास. त्यामुळे माणूस जरा सहज तरंगतो. मी तरंगले. पायघोळ कुडता आणि लेगिंग्ज घालून, पाठीवर, कानात पाणी, वर निळं आकाश. माझ्या त्या वेषाकडे कोणी वळूनही बघितलं नाही. २०१६ साली याच किनाऱ्यावरच्या काही गावांनी अंगभर पोहण्याचे कपडे घालायला बंदी केली होती आणि फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यातल्या एका गावाची बंदी स्थगित केली, हे नंतर वाचलं. माझ्या लेगिंग्जमागे एवढं न्यायशास्त्र उभं आहे याची मला तरंगताना कल्पना नव्हती.

नीसमध्ये दुपारी बाराच्या ठोक्याला धडाम असा आवाज होतो. पहिल्या दिवशी मी हातातलं जर्दाळू टाकलं. किल्ल्याच्या टेकडीवरून रोज दारूचा बार उडवतात, पूर्वी तोफ होती. गोष्ट अशी सांगतात, की १८६० च्या दशकात कॉव्हेंट्री नावाचे एक ब्रिटिश साहेब इथे राहायचे. त्यांच्या बाईसाहेब सकाळी प्रोमनादवर फिरायला जात, मैत्रिणी भेटत, गप्पा रंगत आणि दुपारचं जेवण लांबे. साहेबांनी उपाय काय काढला, तर रोज बाराला तोफ. बाईने घरी यावं म्हणून. पुढे ही पद्धत शहरानेच चालू ठेवली. तोफ मिळवायला, डागायला माणूस ठेवायला, दारूगोळ्याला जेवढी खटपट झाली असेल तेवढ्यात त्या गृहस्थाला आमटी-भात करता आला असता, असं माझं मत. यांना मात्र ती गोष्ट फार आवडली. रोज बार झाला की माझ्याकडे बघून घड्याळावर बोट ठेवायचे.

पण तिथे जेवण वेळेवर मिळत नाही हे यांच्या लक्षात यायचं होतं. खानावळींची स्वयंपाकघरं दुपारी दोनच्या सुमारास बंद, ती सात-साडेसातला उघडणार. सूर्य जुलैत नऊनंतर मावळतो, तेव्हा सातला जेवायला बसायचं म्हणजे भर उन्हात. हे दिवेलागणीनंतरच ताटावर बसणारे. आठ वाजले, साडेआठ वाजले, ऊन काही हलेना. अशा वेळी आम्हाला सोक्क्याने तारलं. जुन्या शहराच्या बोळांत लाकडाच्या भट्टीत परातीएवढ्या तांब्याच्या तव्यावर चण्याच्या पिठाचा पातळ थर ओततात. पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, संपलं. कडा करपतात, मधे मऊ राहतो, उलथण्याने खरवडून कागदावर घालतात, वर मिऱ्याची पूड. हाताने खायचा. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा हा परदेशी राहिलेला चुलतभाऊ. फक्त त्याला हिरवी मिरची आणि कोथिंबीर कोणी दाखवली नाही. यांनी पर्समधल्या लसणाच्या चटणीची पुडी मागितली आणि आम्ही ती उणीव भरून काढली. कूर सालेयाच्या बाजारात भोपळ्याच्या जातीच्या फुलांची भजी मिळाली, तीही ओळखीची निघाली. फक्त बेदाणे आणि साखर घालून केलेली पालेभाजीची गोड पोळी मी अर्धी खाल्ली आणि बाकीची यांना दिली. त्यांनी संपवली. पैसे दिले होते.

मोनाकोला जाऊन आलो. देश दोनेक चौरस किलोमीटरचा. प्रसिद्ध जुगारघरात तिथल्या नागरिकांना खेळायला मनाई आहे, फक्त बाहेरच्यांनी हरायचं. इतका शिस्तीचा धंदा बघून यांच्यातला बँकवाला गहिवरला.

पण यांच्या वहीत सुरुवातीपासून अधोरेखित केलेलं एकच गाव होतं, मार्सेय. नीसहून गाडीने अडीच तासांवर. मराठी घरात वाढलेल्या माणसाने भूमध्य किनाऱ्यावर जाऊन मार्सेय टाळायचं म्हणजे काय? ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोट या बंदरात उभी असताना सावरकरांनी खिडकीतून उडी टाकली, धक्का गाठला, फ्रेंच भूमीवर पकडले गेले आणि पुन्हा बोटीवर चढवले गेले. वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला. इतिहास एवढा. यांच्या लहानपणच्या गुहागरात मात्र ती उडी दर वर्षी लांबत गेलेली होती. शेवटी शेवटी तर अख्खा समुद्र पार करून झाला होता. हे बंदराच्या काठाशी बराच वेळ उभे राहिले. उभ्या असलेल्या बोटी आणि धक्का यांच्यामधलं पाणी नजरेने मोजलं. "अंतर तसं फार नाही," हळूच म्हणाले. मग जरा थांबून, "पण मागे बंदुका असल्या की ते वेगळ्या पट्टीने मोजायचं." मी काही बोलले नाही. यांचं बरोबर होतं.

तिथेच माशांचं ते सुप्रसिद्ध कालवण, बुयाबेस, मागवलं. आधी नुसता केशर घातलेला रस्सा आला, पावाच्या कुरकुरीत चकत्यांबरोबर. मग वेगळ्या ताटात मासे. "रस्सा वेगळा, मासे वेगळे, आणि भात नाहीच," हे म्हणाले आणि दोन्ही ताटं एकमेकांत ओतली. वेटरने मान फिरवली.

परत नीसला आल्यावर यांना आपली जागा सापडली. प्रोमनादवर समुद्राकडे तोंड करून निळ्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. फुकट. सकाळ-संध्याकाळ तिथे म्हातारी मंडळी बसलेली. फ्रान्समध्ये २०२३ साली निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायला निघाले तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, ते कशासाठी हे या खुर्च्यांकडे पाहून कळतं. यांना तिथे एक फ्रेंच आजोबा भेटले. यांना फ्रेंच येत नाही, त्यांना मराठी-इंग्रजी येत नाही. आजोबांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. यांनी दोन्ही गुडघे दाखवले. तिथून पुढे रोज तास-दोन तास त्यांचं चाले, आणि बाराचा बार झाला तरी हे उठत नसत. मीच बोलवायला जात असे.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगते. रबरी बूट इथूनच न्या, तिथे किनाऱ्यावरच्या दुकानात महाग पडतात. लसणाची चटणी दुप्पट न्या. छत्री अवश्य न्या आणि खुशाल उघडा. आणि परत आल्यावर सोसायटीत कोणी "काय काय पाहिलंत?" विचारलं, तर मार्सेयचं नाव आधी घ्या. पुढचं कोणी विचारत नाही.