पेटीवाल्याचं काय घेऊन बसलीस!

"मावशी, रागावू नका हं. तुमच्या देवळात रविवारी पेटी वाजवतो ना, तो परवा वाण्याशी उधारीवरून केवढा भांडत होता! आणि तोच तुम्हाला भजनं सांगणार?"

"भांडत होता? म्हणजे तब्येत बरी आहे त्याची! अगं सुनंदा, माझेही पाचशे अडकलेत त्याच्याकडं. परवाच पाळकसाहेबांनी चांगला झापला त्याला. पण रात्री-अपरात्री कुणाची मयत झाली, की शवपेटी सांगायला, खड्ड्याला माणसं गोळा करायला पहिला हाच धावतो. धुतल्या तांदळासारखे असतात, ते तेव्हा फोन उचलत नाहीत."

"तरीपण देवाच्या कामाला जरा बरी माणसं नकोत?"

"कुठून आणायची? मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच पान उघड. येशूची वंशावळ आहे. आपण सोयरीक जमवताना असली नावं दडवू. भावाला फसवणारा याकोब आहे, यरीहोची वेश्या राहाब आहे. शलमोनाच्या आईचं तर नावच नाही, उरीयाची बायको एवढंच. म्हणजे दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, ते कुणी विसरायला नको!"

"अगंबाई! हे लिहून ठेवलंय?"

"तर! आणि येशूचा शिष्य पेत्र? येशूला धरून नेलं, तेव्हा कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारली. पुढं येशूनं आपली मेंढरं, म्हणजे माणसं, राखायला सांगितली ती त्यालाच. बरं, त्यानंतर तरी सुधारावं? अंत्युखियात परजातीच्या लोकांबरोबर पंगतीला बसायचा. यरुशलेमहून सोवळ्यातली मंडळी आली, तसा हळूच पानावरून उठला. लोक काय म्हणतील! दुसरा प्रेषित पौल, त्यानं चारचौघांत तोंडावर सुनावलं."

"सोवळं-ओवळं तिकडंही होतं म्हणायचं."

"मग लक्ष्मीबाई टिळकांचं काय? नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि ही बाई पंढरपुरात रडून रडून अर्धी झाली. पुढं नवऱ्याजवळ आली, तरी सोवळं काही सुटेना. सुटलं ते हळूहळू. बाप्तिस्मा घेतला 1900 साली."

"टिळक मात्र देवमाणूस असणार."

"कवी मोठे! पण तापट. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. न सांगता घरातून निघून जायचे. 'स्मृतिचित्रे'त तिनं सगळं लिहिलंय, काही झाकलं नाही. आम्ही उपासनेत त्यांची भजनं म्हणतो, तेव्हा मला तीच आठवते. देवानं त्यांच्याकडून भजनं करून घेतली खरी, पण त्या घरात डाळ-तांदूळ आहे का, हे कोण बघत होतं?"

"म्हणजे देवाच्या कामाचा म्हणून चुका माफ नाहीत?"

"माफी वेगळी, झाकणं वेगळं. पौलानं सुनावलं, लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं. मीही पाचशे मागणारच आहे, फक्त उपासना झाल्यावर. आधी मागितले तर सूर बिघडवतो मेला."

"आणि टिळकांच्या मागं त्या बाईचं काय झालं?"

"1919 साली टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवटच राहिलं होतं. ते पुढं लिहिलं कुणी? कधी शाळेत न गेलेल्या या बाईनं!"

"ते 'स्मृतिचित्रे' आहे का घरात? द्या ना वाचायला."

"धाकट्या सुनेनं नेलंय. अजून पंढरपूरच्याच पानावर आहे, टिळकांवर चिडून बसलीय. तिचा राग उतरला की देते."