ब्रोकेनचे दूरदर्शन

जर्मनीतील हार्झ पर्वताचे ब्रोकेन हे सर्वांत उंच शिखर १,१४१ मीटरचे, म्हणजे कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने बुटके. उंचीची ही कसर ते हवामानात भरून काढते. वर्षातले सुमारे तीनशे दिवस माथ्यावर धुके असते आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये इथे ताशी २६३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली.

३० एप्रिलच्या रात्री चेटकिणी झाडूवर बसून इथे जमतात, अशी जुनी समजूत आहे. ज्यांच्याकडे झाडू नाही, त्यांच्यासाठी १८९९ मध्ये रेल्वे आली. वाफेचे इंजिन धापा टाकत माथ्याभोवती वळसे घेऊन वर पोचते. प्रदक्षिणेवाचून दर्शन नाही, आणि प्रदक्षिणा घालूनही दर्शनाची हमी नाही. सूर्य पाठीशी असला, तर समोरच्या धुक्यावर पाहणाऱ्याची स्वतःचीच अवाढव्य सावली पडते. तिला ‘ब्रोकेनचे भूत’ म्हणतात. प्रक्षेपणाचा हा प्रकार इथल्या दूरचित्रवाणी मनोऱ्याच्या फार आधीपासून विनापरवाना चालू आहे.

परवान्याचे प्रक्षेपण १९३० च्या दशकातले. १९३५ मध्ये फिरत्या यंत्रणेने चाचण्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी मनोऱ्याचे काम सुरू झाले. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून उंच जागा लागते. धुक्याला मात्र त्या जुमानत नाहीत. त्यामुळे ब्रोकेनवर माणसाला हातभर दिसते, तेव्हाही लहरींना अर्धा मुलूख मोकळा असतो.

महायुद्धानंतर शिखर पूर्व जर्मनीच्या वाट्याला आले, तेही सीमेला खेटून. १९६१ पासून माथा सामान्यांना बंद झाला. वर राहिले सोव्हिएत सैनिक, सीमारक्षक, गुप्त पोलीस आणि भोवती भिंत. मनोऱ्यावरून कार्यक्रम पाठवायचे आणि शेजारच्या इमारतीत बसून पश्चिमेकडचे बोलणे चोरून ऐकायचे, असे दोन्ही उद्योग तिथे गुण्यागोविंदाने चालत. ३ डिसेंबर १९८९ रोजी मोर्चा वर चालून आला आणि फाटक उघडावे लागले.

आज प्रक्षेपणाचे काम १९७० च्या दशकातला, सुमारे १२३ मीटर उंचीचा नवा मनोरा पाहतो. जुन्या मनोऱ्यात हॉटेल आहे आणि चोरून ऐकण्याच्या इमारतीत संग्रहालय. जाणाऱ्याने भर उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर घ्यावा, वर गरम वाटाण्याचे सूप प्यावे आणि देखाव्याची अपेक्षा पायथ्याच्या वेर्निगेरोड स्टेशनावर ठेवूनच गाडीत बसावे.