न्यूट्रलमधला नाना

महाडच्या एसटी स्टँडाबाहेर नानाची मिनीडोर लागलेली असते. सहा माणसांसाठी बनवलेल्या त्या तीनचाकीत दहावा माणूस गुडघे छातीशी घेऊन बसला की नाना बाहेर डोकं काढून ओरडतो, ‘‘पाचाड, हिरकणीवाडी, एक शीट!’’ ते एक शीट आलं तरी एक शीट बाकीच राहतं. मी शिक्षकाच्या नोकरीपायी रोज या गाडीनं हिरकणीवाडीला जातो. २०२१च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं, त्या आठवड्यात मी मोटरसायकलवर प्लॅस्टिकचा कागद टाकला. तो अजून काढलेला नाही. आता त्याच्यावर दुधीचा वेल चढलाय.

वाडीत नाना तीन. एक दुकानवाला, एक भजनातला आणि तिसरा हा, ब्यारलनाना. डिझेलचा भाव कुणी सहज जरी विचारला तरी हा गडी ब्यारलपासून सुरुवात करतो. ‘‘आधी हे सांगा, एका ब्यारलात लिटर किती?’’ विचारणारा गप्प. ‘‘एकशे एकोणसाठ!’’ मग तो ब्यारल समोरच्याच्या डोक्यावरून गडगडत महाड ते पाचाड जातो.

नानाच्या काचेवर छत्रपतींचा फोटो आहे, त्याच्याखाली वरदविनायक, आणि त्याच्याखाली प्लॅस्टिकच्या पाकिटात एक रुपयाची जुनी नोट. नवा प्रवासी समजतो, पहिल्या भाड्याची असेल, बोहनीची. तसं नाही. नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात चार पाय रोवून उभी असलेली एक यंत्रणा छापलेली आहे. ती ‘सागर सम्राट’. १९७४च्या फेब्रुवारीत तिनं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात विहीर खणली आणि तेल लागलं. तेच बॉम्बे हाय. दोन वर्षांनी, १९७६च्या मे महिन्यात, ते तेल प्रत्यक्ष निघायला लागलं. पुढे समुद्राच्या तळावरून नळ टाकून ते उरणला आणलं. उरण आपल्या रायगड जिल्ह्यात. आणि नाना म्हणजे रायगडचा माणूस. एवढ्या नात्यावर तो बॉम्बे हायकडे सामाईक विहिरीसारखा बघतो.

त्यात आणखी एक भर आहे. नानानं तरुणपणी तिथं नोकरी केली आहे. हे तो सांगतो तेव्हा बोलीचा घोळ होतो. ‘‘मी बॉम्बे हायला होतो,’’ असं तो एकदा म्हणाला, तेव्हा मागे बसलेली पोलादपूरची एक म्हातारी म्हणाली, ‘‘बॉम्बे हाय? हाय की! जाईल कुटं? माजा ल्योक तितंच हाय, डोंबिवलीला.’’ नानानं तिला समुद्र, रिग, हेलिकॉप्टर असं सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मंग पानी गोडं मिलतं का तिकडं?’’

आता या माणसाचं तेलाबद्दल मत काय, असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारीन, गाडी कुठं आहे? कारण नानाचं मत चढ-उतारावर ठरतं. हे मी रोजच्या प्रवासात पडताळून पाहिलेलं आहे.

महाड ते नाते रस्ता तसा सपाट. तिथं नाना नुसती माहिती पुरवतो. होर्मुझची सामुद्रधुनी म्हणजे काय, तर वरंध घाट. ‘‘वरंध बंद झाला की भोरला जायचं तर ताम्हिणीनं वळसा घेता की नाय? पण होर्मुझला ताम्हिणी नाय, गुरुजी. तिथं अरुंद जागी तेहतीस किलोमीटर पाणी. तेवढ्यातनं अख्ख्या आखाताचं तेल.’’ भूगोलाच्या पुस्तकात याहून चांगलं मला सापडलेलं नाही, आणि वर्गात मी ते नानाचं नाव न घेता वापरतो.

नाते आलं की नाना अर्थमंत्री होतो. त्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख या नात्याचे. ‘‘माझ्या नोटेवरची सही आमच्या वाटेवरच्या माणसाच्या खात्याची,’’ असं नाना काचेकडे बोट करून सांगे. मी एकदा शिक्षकी खोडीनं म्हटलं, ‘‘नाना, एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसते. ती नोट भारत सरकारची, सही अर्थसचिवाची.’’ नाना दोन वळणं काहीच बोलला नाही. तिसऱ्या वळणावर म्हणाला, ‘‘म्हणूनच तिला किंमत नाय.’’

कोंझर सुटलं की घाट लागतो. नाना दुसरा टाकतो, मग पहिला. गाडी कण्हायला लागते, आणि मागून काळा धूर अन् पुढून नानाचं राष्ट्रीय धोरण एकाच वेळी बाहेर पडतं.

‘‘शंभर लिटरातलं पंच्याऐंशीच्या वर तेल बाहेरनं आणतो आपून! डॉलर मोजून! आणि समुद्र उशाला घेऊन झोपलोय. काय काढतो त्यातनं? मीठ नि बोंबील. खणा म्हणतो मी. गुजरातपासनं केरळापर्यंत खणा!’’

‘‘आणि आम्ही जाळी कुठं टाकायची रे? तुझ्या टपावर?’’ हा आवाज मच्छीवाल्या मावशीचा. तिची पाटी टपावर असते, आणि पाटीचं पाणी पुढच्या काचेवरून ओघळत असल्यामुळे नानाचं तेलविषयक चिंतन रोज बांगड्याच्या वासात चालतं. मावशीचं माहेर श्रीवर्धनचं, भावाची बोट आहे. ‘‘त्या तुझ्या रिगच्या भोवती पाचशे मीटर बोट न्यायला बंदी. आणि मासळी जाऊन नेमकी तिच्याच पायांशी जमते. वर सर्व्हेची बोट आली की हुकूम, जाळी उचला.’’

‘‘मग मासळीला सांगा बाहेर यायला.’’

‘‘तूच सांग. तुला ओळखते ती. तिथं होतास ना तू, पुऱ्या तळायला!’’

गाडीत हशा पिकतो. नाना हॉर्न वाजवतो, समोर कुणी नसताना. कारण ते खरं आहे. नाना बॉम्बे हायवर होता तो कंत्राटदाराच्या भटारखान्यात. चौदा दिवस पाण्यावर, मग घरी. तिथं त्यानं पोत्यांनी कणीक मळली, पिंपानं रस्सा केला. खालून, समुद्राच्या तळातून, नळातून जे वर येत होतं ते त्याला एकदाही दिसलं नाही. ते लोखंडात बंद असायचं. नानानं तिथं जे तेल हाताळलं ते पंधरा किलोच्या डब्यातलं, गोडं. पण म्हणून त्याची साक्ष खोटी असं मी म्हणणार नाही. महाडात बसून होर्मुझवर बोलणाऱ्या शंभरांत हा एकटाच असा आहे की ज्याच्या पायाखाली कधीतरी खरोखर तेल वाहत होतं.

‘‘तुमची बोट कशावर चालते मावशी? वाऱ्यावर?’’ नाना सावरतो.

‘‘डिझेलवरच. म्हणून तर तुझ्यापेक्षा मला भाव जास्त कळतो. सरकार बोटीच्या डिझेलचा कर परत देतं म्हणे. तो परतावा हातात पडेपर्यंत भाऊ दुसऱ्या जाळ्याचं कर्ज काढतो.’’

यावर नानाकडे उत्तर नसतं. पण चढ असतो. चढ असेपर्यंत नाना हटत नाही. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी तो एक हात छातीला लावतो, दुसऱ्यानं गिअर बदलतो, आणि ‘‘खणायलाच पाहिजे’’ म्हणत हिरकणीवाडीत गाडी लावतो.

वाडीत दिवसभर रोपवेच्या ट्रॉल्या वर-खाली होत असतात. १९९६ला रोपवे झाला, तेव्हापासून पर्यटक खाली उभं राहून आधी गडाकडे बघतो, मग तिकिटाकडे. नानाला त्या रोपवेबद्दल हेवा वाटतो. उतरणारी ट्रॉली चढणारीला ओढ देते, ही कल्पना त्याला फार पटलेली आहे. आपली मिनीडोर महाडला उतरताना दुसऱ्या कुणाची मिनीडोर वर का ओढू नये, असं तो एकदा मनापासून विचारत होता. मी दोरीच्या लांबीचा मुद्दा काढला. ‘‘दोरीचं बघू हो,’’ नाना म्हणाला, ‘‘आधी पॉलिसी ठरू द्या.’’

संध्याकाळी परतीचा प्रवास. पाचाड मागे पडलं की नाना हळूच किल्ली फिरवतो. इंजिन गप्प. गाडी न्यूट्रलमध्ये. घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणं कायद्यात बसत नाही, शहाणपणात तर नाहीच, पण नानाच्या हिशेबात बसतं. पुण्या-मुंबईचा एखादा पर्यटक ‘‘काका, बंद पडली का?’’ म्हणून दांडीला घट्ट धरतो. नाना मान मागे वळवून (हे त्यानं करू नये असं आम्हा सगळ्यांना वाटतं) सांगतो, ‘‘बंद नाय, सोडलीय. आमच्या वाडीचं नाव काय? हिरकणी. कोजागिरीच्या रात्री पोराच्या ओढीनं अख्खा कडा उतरली ती. काय लागलं तिला? डिझेल? उतरायला काय लागत नाय, साहेब. हे जगाला आम्ही शिकवलं.’’

वारा कानाला लागतो, टायरांचा आवाज तेवढा येतो, आणि नानाचा सूरच बदलतो. सकाळचा तो खणणारा माणूस घाटमाथ्यावर उतरून गेलेला असतो आणि स्टिअरिंगवर कुणी वारकरी बसलेला असतो.

‘‘किती ओरबाडायचं माणसानं? पंतप्रधान लाल किल्ल्यावरनं म्हणाले ना २०२५ला, पंधरा ऑगस्टला, खोल समुद्रात तेल शोधू, समुद्रमंथन करू. करा. पण मंथनात पहिलं काय निघालं? हलाहल! अमृत मागनं. आणि हलाहल प्यायला महादेव लागतो. तो कुठल्या कंपनीत हाय?’’

मावशीची पाटी रिकामी असते, ती पेंगत असते. नाना तिचाच मुद्दा तिला ऐकवतो, ‘‘मासळीनं जायचं कुठं, सांगा मावशी?’’ मावशी डोळे न उघडता म्हणते, ‘‘ब्रेक दाब.’’

उताराला नाना जे बोलतो त्यात, खरं सांगायचं तर, चढणीपेक्षा जास्त दम असतो. खणलं म्हणून पंपावर स्वस्त होईल असं नाही, हे त्याला नीट ठाऊक आहे. आपल्या समुद्रातलं तेलही आपल्या रिफायनरीला जगाच्या बाजारभावाच्या हिशेबानंच जातं. उरणला उतरलं म्हणून रायगडवाल्याला त्याची ओवाळणी मिळत नाही. आणि खणणं म्हणजे बोअरवेल नव्हे. कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यातला एक गट ओएनजीसीकडे २००५ साली आला. त्यातलं पहिलं तेल निघालं २०२४च्या जानेवारीत. ‘‘तवर माझी पोरगी जन्मून कॉलेजला गेली,’’ नाना म्हणतो. त्याची आवडती कथा २०२०ची. त्या एप्रिलात अमेरिकेत एक दिवस तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. ब्यारल घेऊन जा आणि वर सदतीस डॉलर घ्या. ‘‘आणि आपल्याकडं? मे महिन्यात डिझेलवर तेरा रुपये ड्युटी चढली. गाडी दारात उभी, लॉकडाऊन, आणि मी पेपर वाचतोय. म्हटलं, आपून ज्या जगात राहतो ते हे नाय.’’

एकाच उतारावर तो गप्प होतो. पावसाळ्यात, काळोख लवकर पडतो तेव्हा. एकदा मीच विचारलं होतं, तिथली नोकरी का सोडली. इंजिन बंद होतं, त्यामुळे त्याला टाळताही आलं नाही. २००५च्या जुलैमध्ये तो पाळी संपवून घरी आला होता. पंचवीस-सव्वीसला महाड तालुक्यात दरडी कोसळल्या, जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. नाना फावडं घेऊन गेला. सत्तावीसला बॉम्बे हायवर आग लागली, बावीस माणसं गेली. ‘‘इथं चिखलात हात घालत होतो तेव्हा कुणीतरी येऊन सांगितलं, नाना, तुझं तिकडं पेटलंय.’’ मग गाडीतलं कुणी खोकललं, आणि नाना म्हणाला, ‘‘तिथं पुन्हा गेलो नाय. मिनीडोर घेतली.’’ २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात त्याच समुद्रात बार्ज बुडाला, सत्तरहून जास्त माणसं गेली, त्या आठवड्यात चढणीवरसुद्धा खणायचा विषय निघाला नाही. नोट मात्र काचेवरच होती.

कोंझरला उतार संपतो. नाना किल्ली फिरवतो, इंजिन एकदा ठसकून चालू होतं आणि सपाटीवरचा माहितगार नाना परत येतो.

आता थोडं भाड्याबद्दल, कारण मला त्याचा राग आहे. २०२१ला डिझेल चढत गेलं, ऑक्टोबरात मुंबईत तेही शंभरावर गेलं, आणि नानाचं भाडं तीन हप्त्यांत वाढलं. ते रास्त होतं. पुढे नोव्हेंबरात केंद्रानं डिझेलवरची ड्युटी दहा रुपयांनी उतरवली. २०२२च्या मे महिन्यात आणखी सहा. जुलैत राज्यानं तीन. २०२४च्या मार्चमध्ये कंपन्यांनी दोन. भाडं तिथंच. एकदा मावशीनंच विचारलं, ‘‘नाना, उतरलं की रे डिझेल. तुझं कधी उतरायचं?’’

नाना चढणीला होता. ‘‘मागचा तोटा भरून काढतोय,’’ तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. एरवी ज्या तेल कंपन्यांना तो शिव्या घालतो त्यांचं म्हणणं अक्षरशः हेच असतं. ‘‘आणि ते पाच रुपये?’’ मी विचारलं. भाडं पंचेचाळीस. रोज पन्नासची नोट दिली की नानाकडे सुटे नसतात.

‘‘तो सेस,’’ नाना म्हणाला. ‘‘राज्यानं २०१५ला दुष्काळाचा म्हणून लावला होता ना पेट्रोल-डिझेलवर, दोन रुपये? पाऊस पडला म्हणून दुसऱ्या दिवशी काढला का?’’

‘‘पण मी माझे पैसे मागतोय, नाना.’’

‘‘मी कुठं नाय म्हणतोय? संध्याकाळी उतरताना घ्या, गुरुजी.’’

संध्याकाळी पाचाड मागे पडलं, नानानं किल्ली फिरवली, गाडी सुटली, वारा आला. त्याच्या चेहऱ्यावर ती उताराची शांती पसरलेली बघून मी हात पुढे केला.

‘‘ते चढणीचे पैसे,’’ नाना मायेनं म्हणाला, ‘‘ते चढणीला मागा.’’