कुर्ल्यातील कीबोर्डवाल्यांसाठी लांब मायनरची आचारसंहिता

ही संहिता कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरातील भजनी मंडळांत कीबोर्ड घेऊन शिरलेल्या तरुणांसाठी आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजू नये.

सफेद सहाचा सा धरून सा, कोमल ग, प वाजवले की ए मायनर. लोकलच्या तिघांच्या बाकावर तिघेच, ऐसपैस. कोमल नी आला की चौथी सीट. अर्धा बाहेर, पण हक्काने बसलेला. ही सेव्हन्थ. वरचा रे म्हणजे नाइन्थ, वरचा म म्हणजे इलेव्हन्थ. हे दोघे उभे, आणि मायनर लांब.

इन्व्हर्जन म्हणजे खिडकीत, अर्थात सर्वांत खाली, कोण बसला ते. ए मायनर सेव्हन्थमध्ये सी, म्हणजे कोमल ग, खाली घ्या: सी, ई, जी, ए. आता हीच मंडळी सी सिक्स्थ या नावाने मेजरच्या घरात वावरतात. यावर चिरंजीव जिन्यात अडवून बोलतात. बोलू द्यावे. खरे बोलतात, आणि बोलताना वाजवत नाहीत.

कीबोर्ड सोडून पेटीवर बसलात तर डावा हात भात्याला जातो. उरतात पाच बोटे आणि नाइन्थला स्वर पाच, म्हणून पाचही दाबायचे असे कुठे लिहिले आहे? सा बेसवाल्यावर सोडावा. प गाळला तरी कुणी विचारत नाही. कोमल ग आणि कोमल नी मात्र ठेवावेत. रे गच्या वरच राहू द्यावा. खाली आणून शेजारी बसवला तर दोघांत अर्धाच स्वर उरतो आणि भांडण ऐकू येते. म मात्र मायनरमध्ये निभावतो, मेजरमध्ये तोच शुद्ध गला घासतो.

अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा या गोव्याच्या अरेंजरांनी हिंदी सिनेमाला कॉर्डांची श्रीमंती दिली. ती त्यांनी गाणाऱ्याच्या मागे ठेवली. आमच्याकडे आरतीला इलेव्हन्थ पुढे आणि गाणारे मागे. काकू सा शोधत राहतात, झांजवाला दुसरीकडेच पोहोचतो, प्रसाद लांबतो.

आरतीत तीन स्वर पुरेत.

वरचा चिरंजीव एकट्याने वाजवतो तेव्हा मात्र त्याचा तो सा गाळलेला नाइन्थ ऐकून मी टीव्हीचा आवाज कमी करतो. हे त्याला सांगू नये.

चिरंजीव, नाइन्थ नऊच्या आत वाजवा आणि दहानंतर हेडफोन लावा, ही विनंती.