बस चुकली का जी? लाखनीतून मॅरेथॉन धावू पाहणाऱ्यांसाठी

मॅरेथॉनची तयारी पायांपासून सुरू होते, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं लिहिणारे लाखनीत राहत नाहीत. लाखनीत तयारी उत्तरापासून सुरू होते. पहाटे सव्वापाचला, चड्डी-बनियनसारख्या दिसणाऱ्या पोशाखात, चाळिशी उलटलेला माणूस महामार्गाच्या कडेनं धावताना दिसला की दुधाचे कॅन लादलेला मोटारसायकलवाला गाडी हळू करून विचारणारच, "बस चुकली का जी?"

उत्तर घरूनच ठरवून निघावं. "नाही, व्यायाम" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "शुगर निंगाली का?" "मॅरेथॉन आहे" म्हटलं की, "बक्षीस किती?" बक्षीस नाही, उलट आपणच पैसे भरलेत, हे कळल्यावर तो माणूस काही बोलत नाही, नुसता बघतो. ते बघणं पुढचे दोन किलोमीटर पाठीवर राहतं. अनुभवाचं सांगतो, "हो, चुकली" हे उत्तर सगळ्यांत कमी दमवतं. धोका एवढाच की इकडची माणसं भली आहेत. ती मागं बसवून स्टँडवर नेऊन सोडतात. माझ्या पहिल्या पंधरवड्यातले साडेतीन किलोमीटर असे दुधाच्या कॅनला धरून झालेले आहेत. हातातल्या घड्याळानं ते इमानेइतबारे नोंदवले आणि आयुष्यातला सर्वोत्तम वेग गाठल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

घड्याळाचा विषय पुढे येणार आहे. आधी अंतर.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे पाठ करून ठेवा, कारण आपल्याकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शाळेच्या पोरांना तीन किलोमीटर पळवतात आणि त्यालाही मॅरेथॉनच म्हणतात. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हे अंतर साधारण चाळीस किलोमीटर होतं. म्हणजे भंडाऱ्याहून निघावं, लाखनी मागं टाकावी आणि साकोलीच्या आसपास पोचावं, तेवढं. माणसाला झेपेल आणि समजेल असं. पण १९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करायची आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची ठरली. त्या सोयीत अंतर वाढलं आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. इंग्रजांनी आपलं काय काय नेलं याचा हिशेब पुष्कळ थोरांनी मांडलाय. हे वरचे दोन किलोमीटर मात्र कुणी धरलेले नाहीत, आणि ते भोगावे लागतात आमच्या मेडिकलवाल्या भाऊंना.

अर्धी मॅरेथॉन म्हणजे लाखनी ते भंडारा. एसटीनं रोज जाणाऱ्याला हे अंतर काहीच वाटत नाही. त्यानं एकदा खिडकीतून न बघता पायांनी बघावं.

आता सोबती. एकट्यानं धावू नये. एकटा धावणारा माणूस चौथ्या दिवशी गजर बंद करून कुशीवर वळतो. चौघं-पाचजण असले की कुणीच कुणासमोर कुशीवर वळू शकत नाही. आमच्या टोळीत मेडिकलवाले भाऊ आहेत. ते धावण्याआधी, धावताना आणि धावल्यावर लावायची तीन वेगळी मलमं बाळगतात आणि त्यांच्या पुढे-मागे पन्नास फूट निलगिरीचा वास चालतो. बदलून आलेले बँकेचे साहेब आहेत. ते प्रत्येक किलोमीटरला सरासरी काढतात आणि उरलेल्या अंतराचा हप्ता पाडून देतात. सावरीकडचा एक शेतकरी दादा आहे. त्याला सातच्या आत बांधीवर पोचायचं असतं म्हणून तो धावतो आणि परत येऊन आम्हाला गाठतो. आणि प्राथमिक शाळेतल्या मॅडम आहेत. त्या आमच्यात सगळ्यांत वेगवान, म्हणून त्या पुढे असतात आणि आम्ही त्यांच्या सोबतीला आहोत असं गावाला वाटतं. खरं म्हणजे त्या आमच्या सोबतीला आहेत. त्यांना कुणी "या वयात, बाईमाणसानं?" असं विचारलं की त्या फक्त लता करे यांचं नाव घेतात. बारामतीला नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि शर्यत जिंकलेल्या त्या साठीपलीकडच्या बाईंवर पुढे सिनेमा निघाला, हे ऐकल्यावर समोरचा गप्प होतो. आम्हा पुरुषांच्या कामी येईल असं नाव बराच काळ सापडत नव्हतं. शेवटी साहेबांनी शोधलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. ती शर्यत तर पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती, आजच्याहूनही लांब, आणि त्यांनी ती तीन तासांच्या आत संपवली. तेव्हापासून टोळीत कुणी कुरकुर केली की "चौगुले!" एवढंच ओरडायचं, असा नियम आहे.

शर्यत निवडताना नातेवाईक बघावेत. आम्ही पुण्याची निवडली. तिला १९८३ पासूनची परंपरा आहे, ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, वगैरे कारणं आम्ही सांगतो. खरं कारण, माझा मुलगा हिंजवडीला भाड्यानं राहतो आणि त्याच्या हॉलमध्ये पाच गाद्या मावतात. शर्यत थंडीतली असली तरी तिचा सराव बराचसा शरदातच व्हायचा असतो. पहिल्या रविवारपासून सोळा आठवडे मागं मोजा. ऑगस्टचा मध्य येतो. आता याच सोळा आठवड्यांत काय काय येतं ते मोजा, आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवून ठेवा.

पोळा येतो. बैलांना विश्रांती असते, माणसाला नसते. गणपती येतात. महालक्ष्म्या येतात, आणि महालक्ष्म्यांचं जेवण नाकारणारा माणूस अजून विदर्भात जन्मायचा आहे. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, वरून तूप, आणि "अजून एक घ्या न जी" म्हणत पानावर ओणवलेली यजमानीण. त्या दुपारी साहेबांनी भोळेपणानं "संध्याकाळी आठ किलोमीटर आहे" असं सांगितलं. यजमानीण म्हणाली, "मंग तं दोन घ्या." पुढे पितृपक्षात पंगतींची रांग लागते. नवरात्रात उपास असतात, म्हणजे साबुदाणा. कोजागरीला मध्यरात्री आटीव दूध आणि पहाटे पाचला अठरा किलोमीटर असा योग आला, तर माझा सल्ला एवढाच की तळ्याकडचा रस्ता धरावा, तिकडे आडोसा आहे.

पण खरी परीक्षा मंडईची. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, भाजीची नव्हे. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, पाळणे येतात, लेकीबाळींचे संबंध जुळतात, आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे दोन अंकांत आटोपून आपापल्या घरी जेवायला जाण्याचा शहरी प्रकार नाही. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. वडशाच्या नाटक कंपन्यांचं अख्खं अर्थकारण या हंगामावर उभं आहे. म्हणजे ज्या वेळी तुम्ही बूट बांधून घराबाहेर पडता, नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गावातून नाटक सुटतं. गेल्या नोव्हेंबरात मी एकटाच पुढे निघालो होतो. अंगात फ्लोरोसंट पिवळा बनियन, कपाळाला दिवा. समोरून धुक्यातून वीस-पंचवीस माणसं आली. खांद्यावर ब्लँकेट, डोळे तांबारलेले, सगळी अजून तिसऱ्या अंकातच. एका म्हाताऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बाजूच्याला विचारलं, "हा कोनता पार्ट होता बा? मले तं नाई दिसला." बाजूचा म्हणाला, "तुमी झोपले होते जी." त्यावर म्हाताऱ्यानं खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातात ठेवली. मॅरेथॉननं आजवर मिळवून दिलेली माझी ही एकमेव कमाई. मंडईच्या दिवसांत गर्दीच्या विरुद्ध दिशेनं धावू नये, किंवा धावायचंच तर सुट्टे ठेवायला खिसा असावा.

जागेबद्दल थोडं. भंडारा जिल्हा सपाट आहे. चढ हवा असेल तर आमच्याकडे तो सरकारनं बांधून दिलेला आहे, त्याला उड्डाणपूल म्हणतात. पण त्यावर जाऊ नका. मुंबई-कलकत्ता महामार्गावरचे ट्रकवाले तुमच्या चढाच्या सरावासाठी थांबणार नाहीत. उत्तम जागा म्हणजे मामा तलावाची पाळ. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी. कागदोपत्री लांब नाव लिहायचा कंटाळा आला आणि तळ्यांना मामा मिळाले. पाळीवरची माती गुडघ्यांना मऊ असते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धान. सप्टेंबरात धान पोटरीत येतो तेव्हा त्याचा वास असा सुटतो की श्वासाचं शास्त्र विसरून आम्ही नाकानंच धावतो. नोव्हेंबरात हाच धान कापून, चुरून रस्त्यावर वाळत पडतो. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा वाहनांचा, आणि मॅरेथॉनपटूचा काहीच नाही. धानावर पाय पडू देऊ नये. एकदा मेडिकलवाल्या भाऊंचा पडला. शेतकऱ्यानं आवाज चढवला नाही. फक्त त्यांच्या बुटाच्या तळव्याच्या खाचांत अडकलेले दाणे खिळ्यानं एकेक करून काढून घेतले. भाऊ एका पायावर उभे. सतरा दाणे निघाले.

आहाराचा प्रश्न आम्हाला नाही. शहरातल्या धावकांना शर्यतीआधी तीन दिवस भात वाढवायला सांगतात. शरीरात साठवलेली साखर तीसेक किलोमीटरनंतर संपत आली की माणूस भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो, म्हणून ती कोठारं भरून ठेवायची. झाडीपट्टीत माणूस दात आल्यापासून हेच करतोय. आमची कोठारं नुसती भरलेली नाहीत, ती पोटावरून ओसंडताहेत. फक्त लाखोळीच्या डाळीबद्दल घरी वाद झाला. धान निघाल्यावर ओल्या बांधीत येणारी ही आमची गरिबाची डाळ. फार आणि सतत खाल्ली तर पाय लुळे पडतात, असं तिचं नाव खराब आहे आणि १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीही आली होती. महाराष्ट्रानं ती पुढे उठवली. तरी मॅरेथॉनच्या तीन महिने आधी आईनं लाखोळीचे वडे केले, तेव्हा मी पायांकडे बघितलं. आई म्हणाली, "तुह्या आज्यानं जन्मभर खाल्ली न चिखलात उभा रायला. तू रोडवर पडशीन का?" मी चार खाल्ले. पाय शाबूत आहेत. नखाचं मात्र सांगता येत नाही.

नख हा नाजूक विषय आहे, पण मार्गदर्शनात लपवाछपवी नको. वीस किलोमीटरच्या वर गेलात की पायाच्या अंगठ्याचं नख आधी गुलाबी, मग जांभळं, मग काळं होतं. पंधरा दिवसांनी आंघोळीत ते एका बाजूनं उचललं जातं, जुन्या दारावरच्या रंगाच्या पोपड्यासारखं. ओढू नये. मी ओढलं. उपाय साधा आहे, बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा. पण हे दुकानदार आधी सांगत नाही. सांगितलं तर आपण ऐकत नाही.

शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं असतं. या काळात धावकाला काही काम नसतं आणि तो असह्य होतो. बायको सांगेल ते करावं.

आता घड्याळ. ते महाग घ्यावं लागतं, कारण स्वस्त घड्याळात खोटेपणा कमी असतो. आमच्या घड्याळांना नाडी कळते, झोप कळते, आणि "तुमचं शारीरिक वय ६१" असंही ती सांगतात. ही घड्याळं घालून आम्ही पहिल्या दिवशी मैदानावर गेलो तेव्हा तिथं चाळीसेक पोरं-पोरी आधीच होती. पोलीस भरतीची. लाखनीतली खरी धावणारी मंडळी ही. काहींच्या पायांत बूट, काहींच्या नुसते मोजे, दोघं अनवाणी. एक पोरगा आमच्याबरोबर चार पावलं धावला आणि आदरानं विचारलं, "काका, तुमची कोनती भरती?" साहेबांनी मॅरेथॉन म्हणजे काय ते समजावलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चार तास? मंग मार्क किती?"

त्यांचा हिशेब सोपा आहे. १६०० मीटर, पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं तर वीसपैकी वीस. अकरावा सेकंद लागला की मार्क कमी. पोरींना ८०० मीटर. त्यांच्याकडे एकच मोबाईल होता, तोही पडदा फुटलेला, आणि वेळ घेणारा पोरगा स्वतः धावायचा असला की वेळ घ्यायला कुणी नसायचं.

म्हणून या मार्गदर्शनातली ही सूचना सगळ्यांत महत्त्वाची समजावी. मंगळवारी आणि शुक्रवारी टोळीनं आपलं धावणं पाऊण तास उशिरा सुरू करावं. घड्याळ आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावं. रेषेवर मॅडमनी उभं राहावं, कारण त्यांचा आवाज पोचतो. साहेबांनी वही घ्यावी. मी बटण दाबतो. गेल्या शुक्रवारी तो मार्क विचारणारा पोरगा शेवटच्या वळणावर आला तेव्हा घड्याळात चार मिनिटं एकोणपन्नास झाली होती. शेतकरी दादा बांधीवर जायचं विसरून "पर रे, पर!" असं ओरडत त्याच्या बाजूनं पळत होता आणि मेडिकलवाले भाऊ "चौगुले! चौगुले!" म्हणून किंचाळत होते. पोराला चौगुले कोण ते ठाऊक नव्हतं. त्यानं रेषा ओलांडली आणि मी बटण दाबलं. पाच मिनिटं नऊ सेकंद. गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या त्या पोरानं वर न बघताच विचारलं, "काका, बरोबर दाबला न जी?"