अरुंधती गेली, कुकर राहिला

30 नोव्हेंबर 2024, शनिवार. ‘आई कुठे काय करते’ ही अरुंधतीची मालिका संपली आणि डोंबिवलीतल्या एका काकूंनी घरात सांगून टाकलं, “आता आमच्या घरी टीव्ही नसला तरी चालेल.” घरातल्या कुणीही ते मनावर घेतलं नाही. 2013 साली ‘चार दिवस सासूचे’ संपली, तेव्हाही टीव्ही विकायचं ठरलं होतं.

ती मालिका 2001 साली सुरू झाली, तेव्हा काकूंचा मुलगा शाळेत होता. ती संपेपर्यंत तो नोकरीला लागून होम लोनचे हप्ते भरत होता. तीन हजारांहून जास्त भाग झाले. काकूंनी त्यातले लग्नाकार्यामुळे बुडालेले सोडून सगळे पाहिले, आणि ज्यांच्या लग्नामुळे ते बुडाले त्यांची नावं त्यांना आजही पाठ आहेत. त्यातल्या देशमुखांच्या घरात अकरा वर्षं राबून रोहिणी हट्टंगडी सुटल्या, तर त्याच वर्षी जुलैत ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये आजी म्हणून हजर! “बाईला चार महिने माहेरपणसुद्धा करू दिलं नाही,” असं काकू म्हणाल्या. मग काकू त्या आजीच्या घरातही अडीच वर्षं राहिल्या. तिथल्या सुनेचं, जान्हवीचं, बाळंतपण लांबलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र मोबाइलवर विनोद पाठवत होता. काकूंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. “पहिलटकरीण आहे. लागतो वेळ.”

अशा अनुभवी प्रेक्षकाचा निरोप घ्यायचा तर वाहिनीने जरा रीतभात पाळायला हवी होती. मार्च 2024 मध्ये साडेसातच्या जागी ‘घरोघरी मातीच्या चुली’ आली आणि अरुंधतीला दुपारी अडीचला बसवलं. वाहिनीच्या हिशेबात हा वेळेतला बदल. काकूंच्या हिशेबात थेट अपमान. साडेसातला त्यांच्या स्वयंपाकाचं गणित पक्कं बसलं होतं: पहिल्या ब्रेकला कुकर, दुसऱ्या ब्रेकला कणीक, आणि पुढच्या भागाची झलक सुरू झाली की फोडणी. दुपारी अडीचला कसली फोडणी? ती वामकुक्षीची वेळ. काकूंनी वामकुक्षी साडेतीनवर ढकलली, त्यामुळे चहा साडेपाचला गेला आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा चहा स्वतः केला. मालिकेने स्त्रीच्या आयुष्यात काय बदल घडवला, असं विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तसा अरुंधतीशी काकूंचा घरोबा जुना होता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिला नवऱ्याचं प्रकरण कळलं, त्या रात्री काकूंनी काकांशीही बोलणं टाकलं. काकांचा दोष एवढाच की ते समोर बसले होते. लॉकडाऊननंतर त्या प्रकरणातली संजना दीपाली पानसरेंऐवजी रूपाली भोसले झाली, तेव्हा सून म्हणाली, “अहो आई, ही तर वेगळीच आहे!” काकू शांतपणे म्हणाल्या, “लॉकडाऊनमध्ये कोण बदललं नाही?” अरुंधतीचं आशुतोषशी झालेलं दुसरं लग्न त्यांनी पैठणी नेसून पाहिलं. आशुतोष अपघातात गेला, तेव्हा घरात आठवडाभर गोडाधोडाचं काही झालं नाही.

इतकं सगळं केल्यावर शेवटी हाताला काय लागलं, हा काकूंचा सवाल. आणि तो रास्त आहे. आपल्याकडच्या मालिकांना शेवट जमत नाही, कारण त्या शेवटाकडे निघालेल्याच नसतात. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात, त्यावर पुढची वळणं ठरतात. मग एक दिवस निरोप येतो, आणि पाच वर्षांचे गैरसमज पाच-सहा दिवसांत मिटवावे लागतात. जी माणसं कपाटातल्या एका कागदावरून महिना महिना भांडत होती, ती अचानक एकमेकांना समजून घेऊ लागतात. काकूंना हे पटत नाही. “खऱ्या घरात असं होतं का? आमच्या जाऊबाई अजून पातेलं विसरल्या नाहीत.” ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये आली आणि त्याच वर्षी गुंडाळली, तर तिच्याबद्दलही तक्रार होतीच: फार घाई केली.

सुनेने समजूत काढायला सांगून पाहिलं, की ही गोष्ट मुळात बंगाली ‘श्रीमोयी’ची, तीही 2021 मध्येच संपली. काकू म्हणाल्या, “त्यांच्या बायका शहाण्या. लवकर सुटल्या.” मग हिंदीतली ‘अनुपमा’ त्याच गोष्टीवर अजून चालू आहे, ती बघा, असंही सुचवून झालं. काकूंनी एक भाग पाहिला. “चांगली आहे ती. पण तिच्या सासूला मी ओळखत नाही. आणि इथे आई-अप्पांकडे आता कोण बघणार, ते आधी सांग.”

त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. अरुंधतीची सासू कांचन आणि सासरे अप्पा ही काकूंच्या लेखी खरीखुरी म्हातारी माणसं होती, आणि वाहिनीने त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं. शनिवारी संध्याकाळी त्या मटार सोलायला बसल्या. दोन किलो संपले तरी उठेनात; मग रिकाम्या शेंगाच पुन्हा उघडून बघू लागल्या. एखादा दाणा मिळत होता.

2 डिसेंबरला, सोमवारी, त्याच अडीचच्या वेळेवर निवेदिता सराफ आणि मंगेश कदम यांची ‘आई आणि बाबा रिटायर होत आहेत!’ सुरू झाली. काकूंनी बघणार नाही असं सांगितलं होतं, म्हणून आवाज बंद ठेवून पाहिली. तेवढ्यावरून कुठली सून बरी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

म्हणजे सगळा प्रश्न मधल्या रविवारचा होता. म्हणून वाहिन्यांना नम्र विनंती: मालिका अवश्य संपवा, पण शनिवारी संपवू नका. रविवारी घरी मुलगा, सून, नातवंडं सगळीच असतात, आणि काकूंना बोलायला अख्खा दिवस मिळतो.